पेशंट मोजून झाले, आता औषधाचे खाडे मोजा

विदर्भात वैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपासच्या खेड्यांना सर्वेक्षणाचं काही नवल उरलेलं नाही. पीजीची नवी बॅच येते, प्रबंधाचा विषय ठरतो, आणि गावात जीप येऊन थांबते. दंडाला पट्टा बांधायचा, बोटाला सुई टोचायची, चार पानी फॉर्म भरायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, की झालं. ‘अमुक तालुक्यातील तीस वर्षांवरील व्यक्तींमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण’ अशा मथळ्याचा प्रबंध तयार होतो आणि ग्रंथालयात जाऊन बसतो. टक्का दोन-चारने इकडेतिकडे होतो, पण निष्कर्ष ठरलेला असतो: शुगर-बीपी आता खेड्यातही आहे, जनजागृतीची गरज आहे. हे कळायला आणखी एक गाव टोचायची गरज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज मांडला. त्यात एका तालुक्याच्या टक्केवारीने काय भर पडते?

आपल्याला माहीत नाही ती गोष्ट निदानानंतरची आहे. सर्वेक्षणात सापडलेल्या माणसाला कार्ड मिळालं, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या बारा महिन्यांतले किती महिने त्या गोळ्या पोटात गेल्या? कोणत्या महिन्यात बंद पडल्या, आणि कशामुळे? दवाखान्यात सोबत गेलेल्याची किती रोजी बुडाली? दीर्घ आजारांवरच्या संशोधनाचा पैसा आणि या तरुण डॉक्टरांचे श्रम आता या प्रश्नांवर लागायला हवेत. पेशंट मोजून झाले. औषधाचे खाडे मोजायचे राहिलेत.

खाडा मोजणं अवघड नाही. उपकेंद्राच्या रजिस्टरात गोळ्या दिल्याची तारीख आणि संख्या असते. समजा, एक जूनला ३० गोळ्या दिल्या आणि माणूस परत आला २० जुलैला. मधले दिवस ४९, गोळ्या ३०, म्हणजे खाडा १९ दिवसांचा आणि औषध पोचलं जेमतेम ६१ टक्के दिवस. असं प्रत्येक पेशंटचं वर्षभराचं गणित मांडलं तर गावाचं चित्र दिसू लागतं. पण इथेच थांबलं तर चूक होईल, कारण रजिस्टर अर्धंच सांगतं. काही जण गोळी अर्धी करून महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवतात. रजिस्टरात तो ३० दिवसांचा खाडा दिसतो, प्रत्यक्षात रोज निम्मा डोस जात असतो. काही जण मधल्या काळात तालुक्याच्या मेडिकलमधून पत्ता विकत घेतात, काही शेजारणीकडून उसन्या घेतात. उलटही घडतं. गोळ्या दर महिन्याला वेळेवर उचलल्या जातात आणि डब्यात साठत राहतात. म्हणून रजिस्टर, घरातल्या गोळ्यांची मोजणी आणि माणसाचं बोलणं, तिन्ही लागतं. रक्तदाब एकदाच मोजला तर फसगत होते ती वेगळीच, कारण दवाखान्यात जायचं म्हणून तीन-चार दिवस आधी गोळ्या सुरू करणारे कमी नाहीत. त्या दिवशी आकडा चांगला येतो आणि कार्डावर ‘नियंत्रणात’ असा शेरा पडतो.

आता हे खाडे कॅलेंडरवर मांडून पाहावेत. जून-जुलैत पेरणी, मग डवरणी-निंदन. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टमध्ये भाताची रोवणी. ऑक्टोबरात सोयाबीन, त्यानंतर माघापर्यंत कापसाची वेचणी. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलला मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. हातात पैसा येण्याचे हेच दिवस, आणि दवाखान्यात जायला फुरसत नसण्याचेही हेच. वेचणी किलोवर असते. एक दिवस वावरात न जाणं म्हणजे त्या दिवसाचा पैसा गेला. तेंदूपत्त्याचा हंगाम तर मोजून दोन-चार आठवड्यांचा, त्यातला एक दिवस उपकेंद्राच्या रांगेत घालवायला कोण तयार होईल? ओपीडीची वेळ सकाळची, वावरात जायची वेळही सकाळचीच.

म्हणूनच ‘पेशंट हयगय करतात’ हा शेरा मला मान्य नाही. तो प्रबंधांच्या चर्चेच्या भागात हटकून येतो आणि त्यावर उपाय म्हणून समुपदेशन सुचवलं जातं. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळे उपचार मोफत केले. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, २०२३ पासून बायकांना अर्धं. हे चांगलंच झालं. पण एसटी ज्या गावाला जातच नाही तिथे काळीपिवळीवाला सवलत देत नाही, आणि बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत भरून मिळत नाही. फुकटची गोळी एका रोजीला पडते, हा हिशेब बाई बरोबर करते. आपल्याच संशोधनात तो धरलेला नसतो.

यावर एक सरळ उपाय सुचतो: हंगामाआधी ९० दिवसांची औषधं एकदम द्यावीत. रक्तदाब आटोक्यात असलेल्या, दुसरी गुंतागुंत नसलेल्या माणसाला अमलोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या ९० गोळ्या मे अखेरीस हातात द्यायला काय हरकत आहे? हरकत साठ्याची असते. उपकेंद्राची मागणी महिन्याच्या हिशेबाने जाते, एकाला ९० दिल्या तर दुसऱ्याला उरत नाहीत. शिवाय तीन महिने कुणी पट्टाच बांधला नाही तर वाढलेला रक्तदाब कळायचा कसा, ही शंकाही खरी आहे. मग हाच संशोधनाचा विषय करावा. एकाच आरोग्य केंद्राखालच्या काही उपकेंद्रांत हंगामाआधी ९० दिवसांची औषधं, बाकींत नेहमीप्रमाणे ३० दिवसांची. दिवाळीनंतर दोन्हीकडचे खाडे आणि रक्तदाब पडताळायचे. खर्च एका प्रबंधाएवढाच. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत सुगीनंतर ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवून दाखवला होता. गावाचा पैसा आणि वेळ कोणत्या महिन्यात मोकळा असतो हे ओळखून व्यवस्था बांधता येते, हे विदर्भाला नवीन नाही.

मोजमापाच्या तपशिलातही बरंच बिघडतं. रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीवर. अर्धा तास आधीपासून चहा नाही, तंबाखू नाही. गावात काय होतं? माणूस वावरातून चालत आलेला, गालात खर्रा, बसायला प्लास्टिकचं स्टूल, मागे दहा जणांची रांग. पहिलाच आकडा लिहिला जातो, दुसऱ्यांदा कोणी मोजत नाही. हडकुळ्या म्हातारीच्या दंडाला मोठा पट्टा गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर खोटा जास्त. फॉर्मवर १३०, १४०, १५० असे शून्यावर संपणारे आकडे रांगेने दिसू लागले की समजावं, कोणीतरी अंदाजपंचे लिहितंय.

उपाशीपोटी साखर तपासण्याचं तर विचारूच नका. पथक नऊ-दहाला पोचतं. तोवर बाईचा पहाटेचा गोड चहा झालेला असतो, भाकरही खाऊन झालेली असते. ‘काही खाल्लं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर येतं, कारण चहाला कोणी खाणं म्हणत नाही. उपाशी तपासणी करायची तर पहाटे साडेपाच-सहाला गावात असावं लागतं. ते जमत नसेल तर सरळ कोणत्याही वेळची साखर तपासावी, पुढे पाठवण्याची सीमा १४० ठेवावी, आणि अहवालात तसं लिहावं.

यावर ‘मग एचबीए१सी करा, त्याला उपाशी राहावं लागत नाही’ असं शहरातले मार्गदर्शक सांगतात. पूर्व विदर्भात हा सल्ला जपून घ्यावा लागतो. ही चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि पेशी साधारण तीन-चार महिने जगते असं गृहीत धरते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून दोष आलेल्या, पेशंटच्या पेशी त्याच्या कितीतरी आधी फुटतात; आकडा फसवा कमी येतो, म्हणून तिथे ही चाचणी धरूच नये. एएस, म्हणजे एकाकडूनच दोष आलेल्या, वाहकांमध्ये तिचा भरवसा यंत्राच्या पद्धतीवर अवलंबून असतो. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असलेल्या बाईत आकडा फुगून येऊ शकतो. जिथे सिकलसेल आणि रक्तक्षय दोन्ही घरोघरी, तिथे केवळ एचबीए१सीवर काढलेले निष्कर्ष किती टिकतील?

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात डोकावलं की संशोधनाचे विषय रांगेने सापडतात. आपल्याकडची नेहमीची बाटली १० मिलिची, एका मिलित ४० युनिट. तिच्यासाठी लाल टोपणाची यू-४० सिरिंज. मेडिकलमध्ये ती संपली की नारिंगी टोपणाची यू-१०० दिली जाते, जिच्या रेघा एका मिलित १०० युनिटच्या हिशेबाने आखलेल्या असतात. पेशंट नेहमीसारखा २० च्या रेघेपर्यंत भरतो. पोटात जातात फक्त ८ युनिट. साखर चढते, डॉक्टर डोस वाढवतात, पुढच्या महिन्यात लाल टोपणाची सिरिंज मिळते आणि वाढवलेला डोस पूर्ण जातो. मग पहाटे घाम फुटून माणूस बेशुद्ध. याच्या उलट, इन्सुलिन पेनचं, एका मिलित १०० युनिटवालं काडतूस हाती आलं, पेन नाही म्हणून लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर ५० युनिट जातात. हे जिवावरचं आहे. ‘इन्सुलिन नियमित घेता का?’ या प्रश्नावर दोघंही ‘हो’वर खूण करतील. सिरिंज दाखवायला सांगितली तरच घोळ कळतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरातली बाटली २५-३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वरही जातो, पत्र्याच्या घरात काय होत असेल ते सांगायला नको. फ्रीज असला तरी लोडशेडिंग आहेच. शिवाय बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवली आणि गोठली तर ती वाया गेली. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून, तो डबा ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवायचा, वरून ओलं फडकं, जागा सावलीची आणि वाऱ्याची. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, त्यामुळे आतलं तापमान बाहेरपेक्षा बरंच खाली राहतं. जुलैच्या दमट हवेत हा फरक घटतो, पण तेव्हा बाहेरचा पाराही उतरलेला असतो. कोणत्या गावात, कोणत्या घरात, दुपारी तीनला मडक्याच्या आत किती अंश, हे साध्या तापमापकाने दोन महिने नोंदवणं एका विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. असा प्रबंध निदान वापरला तरी जाईल.

सिकलसेलची मोजणी विदर्भात जुनी आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकाअखेरीस त्याची नोंद केली होती. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, हा आजार संपवण्यासाठी २०४७ ची मुदत आहे. तपासणी हवीच. पण एसएस निघालेल्या पोरीचं पुढे काय? ठणका, म्हणजे सिकलसेलचं तीव्र दुखणं, कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घ्यायचं. गुण यायला काही महिने लागतात, आणि सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी व नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्तातल्या पेशींची मोजणी करावी लागते. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून लग्न ठरताच औषधाबद्दल नव्याने बोलावं लागतं. कॅप्सूल चार दिवस चुकली तर लगेच काही दुखत नाही. त्यामुळे ‘याच्याने काही होत नाही’ असं वाटून ती सुटते, आणि ठणका काही आठवड्यांनी परत येतो; तोवर दोन्हींचा संबंध कोणाला आठवत नाही. मोजणीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागलं की खाडा तिथेच पडतो.

ठणका कशाने सुरू होतो हे पुस्तकात आहे: पाणी कमी पडणं, गारठा, अतिश्रम, ताप. हे पुस्तक तेंदूपत्त्याच्या फडीवर आणि रोवणीच्या बांधीत नेऊन कोणी वाचलेलं नाही. पहाटे चारला जंगलात शिरणाऱ्या मुलीजवळ किती पाणी असतं? दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोवणी केल्यावर रात्री कोणाला ठणका लागतो? दुखण्याची डायरी हंगामाच्या कामाशी जोडून ठेवली तर सल्ला नेमका देता येईल. ‘जड काम करू नका’ हा सल्ला मजुराच्या घरात बिनकामाचा. आणि रात्री कण्हत दवाखान्यात आलेल्या, नेहमीच्या इंजेक्शनचं नाव सांगणाऱ्या पोराकडे ‘याला सुईची सवय लागली’ म्हणून पाहिलं जातं, त्याचीही नोंद व्हायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्रासाठी किती चकरा पडतात, हेही अनुभवाचं संशोधनच आहे.

असे अनुभव विचारायची मुलाखत कुठे घ्यायची याचा विचार आधी करावा लागतो. सपरीत बसून, सासू ऐकत असताना, दारात चार बाया उभ्या असताना सून सिकलसेलबद्दल खरं सांगणार नाही. धाकट्या नणंदेचं लग्न व्हायचं असेल तर मुळीच नाही. सकाळी अकराला गावात भेटतात ते म्हातारे, आजारी आणि ज्यांना मजुरीला जायची गरज नाही असे. त्यांच्यावरून काढलेलं गावाचं चित्र तिरकं येणारच. संध्याकाळी सातनंतर किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी जावं. ‘गेल्या चार आठवड्यांत किती वेळा’ असं न विचारता ‘पोळ्यापासून आतापर्यंत’, ‘मागच्या तीन बाजारांत’ असं विचारलं की आठवण पक्की येते. दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल वेगळं विचारावं. किराण्यातून रोज संध्याकाळी घेतलेली अंगदुखीची गोळी बीपी चढवते, किडनीला झिजवते, आणि तिला कोणी ‘औषध’ समजत नसल्याने फॉर्ममध्ये ती येतच नाही. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया बोलणारा माणूस सोबत असावा, आणि तो त्याच गावातल्या पेशंटचा नातेवाईक नसावा.

सेवा करणाऱ्याचा हिशेब तर कुठेच नाही. आठवड्याला तीन डायलिसिस, प्रत्येकी चार तासांचं, म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. डायलिसिस मोफत असेल, तरी पेशंट आणि सोबतचा असे दोन माणसांचे ३१२ दिवस जातात. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर पहाटे निघून रात्रीच परत. घरातला बाप्या आजारी पडला की बायको, सून, मुलगी यांच्यापैकी कोणीतरी सोबतीला असते. बाईच आजारी असली की ती बहुधा एकटी जाते, नाहीतर जातच नाही. हा फरक मोजायला मोठा निधी लागत नाही. ओपीडीच्या दारात बसून ‘सोबत कोण आलंय?’ एवढं महिनाभर लिहिलं तरी पुरे.

असल्या अनुभवांच्या संशोधनाला ‘किस्से’ म्हणून नाकं मुरडणारे आहेत. त्यांना गडचिरोलीचं उदाहरण द्यावं लागतं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. दवाखान्यात येणाऱ्यांनाच मोजलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. दुसरं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचं. त्यांनी नैराश्याचे रोगी किती एवढंच पाहिलं नाही. त्यांतल्या किती जणांपर्यंत उपचार पोचला ते मोजलं. ते प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे पोच मोजता येते, आणि मोजली की वाढवताही येते. उच्च रक्तदाबाच्या ज्या राष्ट्रीय उपक्रमात वर्धा आणि भंडारा जिल्हे सुरुवातीलाच आले, त्यात दर तिमाहीला पेशंटचे गट पाडतात: नियंत्रणात, अनियंत्रित, आणि न आलेले. या तिसऱ्या गटाचा आकडा वर पाठवला जातो. त्या गटातला पेशंट का आला नाही हे विचारायला त्याच्या घरी जाणं, हा आजचा सगळ्यात निकडीचा अभ्यास आहे.

प्रमाणाचे आकडे नसतील तर निधी मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. नव्या आजारासाठी, किंवा किडनीच्या तक्रारी वाढल्याचं गाव सांगत असेल तिथे, मोजणी करावीच. पण बीपी-शुगरबाबत तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी सरकारी कार्यक्रमातच होते. आशाताई घरोघर तोच फॉर्म भरतात. त्यांच्याच मदतीने तेच पुन्हा मोजायचं आणि त्यांना मानधनही द्यायचं नाही, हा प्रकार थांबायला हवा.

पैशाचा मुद्दा पेशंटलाही लागू आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिनियमांत सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा आहे. तरी दीड तासाच्या मुलाखतीनंतर बिस्किटाचा पुडा दिला जातो. नीतिसमितीने अर्थसंकल्पात मजुरीची ओळ नसलेला प्रस्ताव परतच पाठवावा. दोन वर्षांत सगळे शिकतील.

आणि निष्कर्ष गावाला परत द्यावेत, तेही एका कागदावर. गावातल्या किती पेशंटना बाराही महिने औषध मिळालं, उपकेंद्रात कोणत्या महिन्यात कोणती गोळी संपली होती, किती जण सिरिंज चुकीची वापरत होते. नावं नाहीत, फक्त आकडे. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. जंगलपट्ट्यात १ मेची टाळावी, तेव्हा लोक तेंदूपत्त्याला गेलेले असतात. २६ जानेवारीला मांडलेला कागद बरा. त्यावरून औषधाची वाढीव मागणी तालुक्याला पाठवायला पेरणीपर्यंत चार महिने हाताशी राहतात.